नावाडीण बोझेना आणि सोन्याच्या पेटीतला हात

फार वर्षांपूर्वी, युरोपच्या मध्यावर, बोहेमिया नावाच्या डोंगराळ मुलखात ब्रोदोव नावाचं एक गाव होतं. गावाला लागून वेस्ना नदी वाहायची. अलीकडच्या तीरावर गाव, पलीकडच्या तीरावर टेकडी, आणि टेकडीवर दगडी मठ. शेतं मठाची, रान मठाचं, पिठाची गिरणी मठाची, आणि माणूस मेला तर त्याला पुरायची जागाही मठाचीच. तिथली प्रार्थना लॅटिन भाषेत चालायची. गावात ती कुणालाच कळत नसे. 'आमेन' कधी म्हणायचं तेवढं कळायचं. लोक म्हणायचे, आपल्याला कळत नाही म्हणजे देवाला नक्कीच कळत असणार.

या दोन तीरांमध्ये एक नाव चालायची. नदीवर आडवा जाड दोर बांधलेला असायचा, आणि तो दोर ओढत ओढत नाव पलीकडे न्यायची. ती नाव मातेय आणि बोझेना या नवराबायकोची. मातेय बोलका, कुणाच्याही पोराला खांद्यावर घेणारा. बोझेना मितभाषी. दोघांना मूलबाळ नव्हतं, पण घरात हसण्याचा आवाज असायचा, असं म्हणतात.

एका वर्षी मठाचा नवा मनोरा बांधायला काढला. त्या वेळी ओल्द्रिख नावाचा मठाधिपती होता. वयानं तरुण, अंगावर तलम वस्त्रं, दाराशी शिकारी कुत्री. मोठ्या घराण्यातला धाकटा मुलगा. त्याच्या घरच्यांनी ती गादी त्याला मिळवून दिली होती, जशी कुणी पोराला जहागीर मिळवून द्यावी. ओल्द्रिखनं गावातले सगळे धडधाकट पुरुष दगड वाहायला बोलावले. मातेयही गेला.

तो परत आला नाही.

मठातून निरोप आला, की तुझा नवरा घाटावर पाय घसरून पडला, नदीनं त्याला नेलं. बोझेना नदीला नखशिखान्त ओळखत होती. कुठे भोवरा आहे, कुठे बुडालेलं वर येतं, कुठे अडकून राहतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं नाव काढली आणि काठाकाठानं शोधत निघाली. लव्हाळं पिंजून काढलं. खालच्या गावांतल्या कोळ्यांना विचारलं. नदीनं मेलेली मेंढरं दिली, मोडकी चाकं दिली, मातेय दिला नाही. प्रेत नाही म्हणून पुरणं नाही, आणि पुरणं नाही म्हणून प्रार्थना नाही. त्या काळी लोक मानायचे, की ज्याला विधीनं पुरलं नाही तो दोन्ही जगांच्या मध्ये भटकत राहतो. बोझेनाच्या जिवाला हाच घोर लागला होता.

असाच काळ गेला. मग एके दिवशी मठाच्या घंटा घणघणू लागल्या. ओल्द्रिखनं जाहीर केलं, की पवित्र भूमीतून संत वालेनचा उजवा हात आपल्या मठात आला आहे. सोन्याची पेटी, पेटीला स्फटिकाची खिडकी, खिडकीच्या आत मखमलीवर ठेवलेला हात. त्या हाताचं दर्शन घेतलं की आजार जातो, हरवलेलं सापडतं.

आणि लोक आले! लंगडे आले, आंधळे आले, गाढवावरून आले, गुडघ्यांवर सरपटत आले. सगळ्यांना नदी ओलांडायची होती, आणि नाव एकट्या बोझेनाची. ती सकाळपासून दोर ओढायची. परतणाऱ्या लोकांच्या गोष्टी ऐकायची. कुणाची गाय सापडली, कुणाचा घर सोडून गेलेला मुलगा दारात उभा राहिला. तिच्या शेजारणीचं, कुन्हुताचं, लहानपणापासून लुळं असलेलं पोर तर त्या पेटीसमोरून चालत घरी आलं. हे सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलं.

मग बोझेनाच्या मनानं घेतलं. संताच्या सणादिवशी तिनं नाव काठाला बांधली, हातपाय धुतले आणि ती रांगेत उभी राहिली. तिला एकच मागायचं होतं. माझ्या माणसाचं प्रेत मला सापडू दे. तो जिवंत हवा असं मी म्हणत नाही. मला त्याला फक्त मातीत ठेवायचं आहे.

तिची पाळी आली. ती गुडघ्यांवर बसली, मनातल्या मनात मागणं मागितलं, वाकून स्फटिकाला ओठ लावले. आणि मग डोळे उघडले.

लोकहो, हे सांगताना आजही आमच्याकडचे कथेकरी आवाज खाली आणतात.

त्याचं असं होतं. लग्न झाल्यानंतरच्या वर्षी पुराच्या पाण्यात दोराला हिसका बसला होता आणि मातेयची करंगळी त्यात सापडून मोडली होती. बोझेनानं वाळुंजाच्या काडीनं ती बांधली. पण तेव्हा ती नवखी, घाबरलेली. बोट वाकडंच जुळलं, बाहेरच्या अंगाला, फांदीला फाटा फुटावा तसं. मातेय ते बोट दाखवून सगळ्यांना सांगायचा, "बायकोनं केलेली पहिली कारागिरी!" त्या बोटाला बोझेनानं किती वेळा हातात धरलं असेल. काळोखात हजार हात पुढे केले असते तरी तिनं ते ओळखलं असतं.

मखमलीवरच्या हाताची करंगळी तशीच होती. तळव्यावर आडवा वळ होता, वर्षानुवर्षं दोर ओढणाऱ्याच्या हाताला पडतो तसा.

बोझेना किंचाळली नाही. ती इतकंच म्हणाली, "हा तर मातेय."

मागचे लोक ढकलत होते. ती उठेना. मग ती मोठ्यानं म्हणाली, "हा माझ्या नवऱ्याचा हात आहे! फादर, माझ्या नवऱ्याचा हात इथं कसा?"

ओल्द्रिख वेदीपाशी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग क्षणभर उडाला, असं म्हणतात, पण क्षणभरच. तो हळू आवाजात म्हणाला, "या बाईला दुःखानं वेड लागलंय. हिला बाहेर न्या."

तिला बाहेर काढलं ते मठाच्या नोकरांनी नव्हे. गावानंच काढलं. ज्यांना ती रोज नदीपार न्यायची त्यांनी. आणि पहिला चिखलाचा गोळा मारला तो कुन्हुतानं.

"माझं पोर त्या हातानं चालायला लागलं," कुन्हुता रडत ओरडत होती, "आणि तू म्हणतेस तो एका नावाड्याचा हात? माझ्या पोराचे पाय काढून घ्यायला निघालीस का गं?"

त्या संध्याकाळी बोझेनाची नाव कुऱ्हाडीनं फोडली गेली. कुणी फोडली हे तिनं कधी विचारलं नाही. लोकांची ने-आण करायला मठानं आपली नाव घातली.

ती रानात जाऊन राहिली. तिथं तिला प्रोकोप नावाचा एक फिरस्ता उपदेशक भेटला. हा प्रोकोप शिकलेला पाद्री, पण मठ सोडून अनवाणी हिंडणारा. शेताच्या बांधावर उभा राहून तो लोकांच्या भाषेत ख्रिस्ताची वचनं सांगायचा, म्हणून त्याच्या मागे शिपाई लागले होते. लोक पहिल्यांदा ऐकायचे तेव्हा चकित व्हायचे. देव आपल्या भाषेत बोलतो हेच त्यांना माहीत नव्हतं. बोझेनानं त्याला सगळं सांगितलं.

"मी खूप पाहिलंय," तो म्हणाला. "हे पाहिलं नव्हतं."

"मी चुकत असेन का? गाव म्हणतं, मला वेड लागलंय."

"तू तो हात ओळखलास ना?"

"ओळखला."

"मग चल. बिशपचा दूत आलाय मठात. चारचौघांत विचारू. खरं सांगायला लॅटिन यावं लागत नाही."

"तुला पकडतील ते."

"पकडतील," प्रोकोप म्हणाला, आणि उठून चालू लागला.

मठाच्या देवळात चौकशी भरली. उंच खुर्चीवर बिशपचा दूत, शेजारी ओल्द्रिख, समोर सगळं गाव. प्रोकोप दारातून आत येताच शिपायांनी त्याला धरलं, पण त्यानं आधीच ओरडून सांगितलं, "पेटी उघडा! या बाईला फक्त हात हातात घेऊ द्या! संताचा असेल तर संताला कसली भीती?"

हे वाक्य लोकांच्या भाषेत होतं. ते सगळ्यांना समजलं. मागून कुणीतरी म्हणालं, "खरंच, कसली भीती?" दूतानं लोकांकडे पाहिलं आणि पेटी उघडायचा हुकूम दिला.

बोझेनानं तो हात उचलला. सुकलेला, काळपट, लाकडासारखा. ती फरशीवर बसली आणि तिनं तो मांडीवर घेतला. तिनं पुरावा दिला नाही, वाद घातला नाही. त्या हाताला डोक्यावरच्या रुमालानं पुसत ती बोलू लागली, जशी बाई उशिरा घरी आलेल्या नवऱ्याशी बोलते.

"किती शोधलं रे तुला. नदीला शिव्या दिल्या मी. तिनं नेलंच नव्हतं तुला. आणि मी रोज माणसं भरभरून इथं आणत होते, तुझ्याच दर्शनाला. मातेय, मला कुणी सांगितलं नाही रे."

आणि मग, असं म्हणतात, त्या सुकलेल्या हाताची बोटं हलली. एकेक करून मिटली. सगळ्यांत शेवटी ती वाकडी करंगळी. आणि बोझेनाचा हात त्यानं घट्ट धरला.

मग मागच्या बाकावरून एक आवाज फुटला. होस्तिवित नावाचा म्हातारा संन्यासी, मठाचा वैद्य, खांबाला धरून उभा राहिला होता.

"तो नदीत पडला नव्हता," तो म्हणाला. "गाव काम संपवून उतरल्यावर मनोऱ्याची परांची तुटली. तो दगडांखाली सापडला. दोन दिवस जिवंत होता. बायकोला बोलवा म्हणत होता. फादर म्हणाले, बोलवलं तर गाव कामावर यायचं थांबेल. तो गेल्यावर त्यांनीच मला सुरी दिली. बाकीचा तो कोबीच्या वाफ्याखाली आहे. प्रार्थनाही म्हटली नाही आम्ही."

नदीपलीकडे, हाक मारली तर ऐकू यावी इतक्या अंतरावर, तो दोन दिवस तिचं नाव घेत होता. आणि नंतर ती सगळी कोबी मठानं खाल्ली होती, गावच्या सणालाही वाटली होती. बायका तोंडावर रुमाल दाबून बाहेर धावल्या.

आता तुम्हाला वाटेल की ओल्द्रिखला शिक्षा झाली. नाही. दूत उठला, त्यानं ओल्द्रिखच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि रिकामी सोन्याची पेटी आपल्या घोड्यावर बांधून तो निघून गेला. ओल्द्रिख गादीवर राहिला. प्रोकोपला साखळ्या घालून शहरात नेलं आणि चौकात जिवंत जाळलं. जाळताना त्याच्या डोक्यावर कागदाची टोपी घातली होती, तिच्यावर सैतानाची चित्रं काढली होती. आणि ब्रोदोव गावावर बंदी पडली. गावासाठी देवळातली मिस्सा-प्रार्थना नाही, बाप्तिस्मा नाही, मेलेल्याला मठाची माती नाही.

तेव्हा गावानं ते केलं जे आधी कुणी केलं नव्हतं. लोकांनी कोबीचा वाफा खणला आणि मातेयला बाहेर काढलं. संन्यासी खिडक्यांतून बघत राहिले, कुणी अडवलं नाही. अलीकडच्या तीरावर नेऊन, हात त्याच्या जागी ठेवून, त्यांनी त्याला पुरलं. प्रार्थना म्हणायला कुणी पाद्री नव्हता. प्रोकोपकडून ऐकलेली वचनं ज्याला जशी आठवली तशी त्यानं म्हटली.

माती लोटून झाल्यावर कुन्हुता बोझेनाजवळ आली. तिला मान वर करवत नव्हती.

"मग माझं पोर कुणी बरं केलं गं?" तिनं विचारलं.

बोझेनानं कबरीवरची माती हातानं सारखी केली. "देवानं केलं असेल. त्याला पेटी लागत नसेल," ती म्हणाली. "नाहीतर मातेयनं केलं असेल. त्याला पोरं फार आवडायची."

गावानं तिला नवी नाव बांधून दिली. पण जे विझवलं असं मोठ्या लोकांना वाटलं होतं ते विझलं नव्हतं. प्रोकोपसारखे आणखी किती तरी जण होते, आणि त्यांना जाळल्यामुळे लोक आणखीच पेटले. सगळ्या बोहेमियात माणसं उठली. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात मळणीचं दांडकं. मोठमोठे मठ ओस पडले. एका दुपारी ब्रोदोवच्या टेकडीवरूनही धुराचा लोट उठला.

बोझेना तेव्हा पलीकडच्या काठावर नाव लावून बसली होती. टेकडीवरून एक माणूस ठेचकाळत धावत आला. अंगात नोकराचा अंगरखा, पाय रक्ताळलेले. तो नावेत कोसळला.

"पलीकडे सोड, बाई! देवाच्या नावानं, लवकर!"

तो ओल्द्रिख होता. त्यानं तिला ओळखलं नाही. तिनं त्याला ओळखलं.

मागून जमाव उतरत होता. समोर, गावच्या काठावर, कुन्हुता मळणीचं दांडकं घेऊन उभी होती. तिनंही त्याला ओळखलं. "बुडव त्याला!" ती ओरडली. "बोझेना, बुडव!"

बोझेनानं दोर ओढायला सुरुवात केली. नाव मधोमध आली, जिथं पाणी सर्वांत खोल आहे, आणि तिथं तिनं ती थांबवली.

"त्याचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

"कुणाचं?"

"ज्याचा हात तू कापायला लावलास त्याचं."

आता त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले. "संत…" तो म्हणाला, आणि थांबला. पुन्हा त्यानं प्रयत्न केला. मग त्यानं मान खाली घातली.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "मी कधी विचारलंच नाही."

बोझेनानं इतकी वर्षं या क्षणाची मनात किती चित्रं काढली असतील. तो खोटं बोलेल, गयावया करेल, शाप देईल. हे उत्तर तिच्या मनातही आलं नव्हतं. ज्या हातासमोर त्यानं हजारोंना वाकायला लावलं, ज्याला त्यानं धूप दाखवला, फुलं वाहिली, त्याचं नाव त्याला माहीत नव्हतं. भर चौकशीत ते नाव घेतलं गेलं होतं. त्यानं ते ऐकलंच नव्हतं. दोर तिच्या हातातून सुटला.

दोर सुटलेली नाव वेस्नेच्या त्या धारेत वाहूनच जायची. पण असं म्हणतात, की नाव हलली नाही. पाणी दोन्ही अंगांनी वाहत राहिलं आणि नाव मधोमध उभी राहिली, कुणीतरी दोर धरून ठेवल्यासारखी.

"मातेय," बोझेना म्हणाली. "म्हण."

"मातेय," तो म्हणाला.

"पुन्हा."

"मातेय."

तो नाव घेत राहिला, आणि दोराला कुणाचा हात न लागता नाव पुढे सरकू लागली. काठ येईपर्यंत त्याचा आवाज बसला होता. तो चिखलात गुडघ्यांवर उतरला. कुन्हुतानं दांडकं वर उचललं. तो हात जोडत नव्हता, दया मागत नव्हता. नुसता म्हणत होता, मातेय, मातेय. कुन्हुताचं दांडकं वरच राहिलं. मग तिनं ते खाली ठेवलं, आणि ओल्द्रिख उठून दक्षिणेच्या वाटेनं चालत गेला. पुढे फार दूरच्या एका गावात एक म्हातारा कबरी खणायचा, आणि मेलेल्याचं नाव विचारल्याशिवाय जमिनीला कुदळ लावायचा नाही, असं म्हणतात. तो हाच होता की दुसरा कुणी, देव जाणे.

बोझेना म्हातारी होईपर्यंत नाव चालवत राहिली. एका सकाळी धुक्यात नाव काठाला बांधलेली दिसली, ओल्या दोरासकट. बोझेना दिसली नाही. घरात नाही, रानात नाही, पाण्यात नाही.

आजही ब्रोदोवला नाव चालते. आता तिला इंजिन आहे. पण मधोमध आल्यावर नावाडी इंजिन बंद करतो, आणि नावेतल्या प्रत्येकानं गेलेल्या एका माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं असतं. परक्या प्रवाशालाही सूट नाही. शाळेला जाणारी पोरंसुद्धा दप्तर मांडीवर घेऊन आजोबांचं नाव घेतात. ज्याला कुणाचंच आठवत नाही तो मातेय म्हणतो. गावच्या देवळात वेदीवर झाकलेलं, कुलूप लावलेलं असं काहीही ठेवत नाहीत, आणि दरवर्षी बोझेनाच्या नावानं एक दिवस पाळतात, त्या दिवशी प्रवचन झाल्यावर कुणीही उभं राहून पाद्र्याला काहीही विचारू शकतं. त्याला उत्तर द्यावं लागतं, लोकांच्या भाषेत.

नदीच्या मधोमध इतकी नावं घेतली जातात, पण बोझेनाचं नाव तिथं कुणी घेत नाही. एखादा नवखा चुकून घ्यायला गेला तर म्हाताऱ्या बायका त्याला लगेच अडवतात. "तिचं नको," त्या म्हणतात. "ती गेली असं तुला कुणी सांगितलं?"